मोतीबिंदूचं ऑपरेशन: पंधरा मिनिटांच्या आधीचं आणि नंतरचं

"काही नसतं गं त्यात, पंधरा मिनिटांत मोकळी होशील," हे वाक्य मी निदान वीस जणांकडून ऐकलं. खोटं नाही ते. टेबलावर मी खरंच तेवढाच वेळ होते. पण त्या पंधरा मिनिटांत मला काही करायचंच नव्हतं, नुसतं पडून राहायचं होतं. माझं काम होतं ते आधीचे तीन आठवडे आणि नंतरचे सहा आठवडे, आणि त्याबद्दल या वीस जणांपैकी कोणी चकार शब्द काढला नव्हता. म्हणून हे लिहिते आहे.

मी ६४ वर्षांची, पुण्यात कर्वेनगरला राहते. उजवा डोळा नोव्हेंबरात झाला, डावा तीन आठवड्यांनी. मी डॉक्टर नाही. तुमच्या डॉक्टरांनी याहून वेगळं सांगितलं, तर त्यांचं ऐका.

१. मोतीबिंदूच आहे ना, याची खात्री करा

माझी सुरुवात बसस्टॉपवर झाली. बसच्या पाटीवरचा १ आहे की ९ ते कळेना. मग संध्याकाळी समोरून येणाऱ्या स्कूटरचा दिवा फुटल्यासारखा पसरायला लागला. दीड वर्षात तीन वेळा चष्मा बदलला, मायनस नंबर वाढतच चालला होता. दर वेळी वाटायचं, नंबर चुकीचा काढलाय. इथेच पहिला सापळा आहे: साठीनंतर नंबर असा भराभर बदलत असेल, तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा, चष्म्याचं दुकान नंतर. काही जणांचं तर उलटंच होतं. वाचायला चष्मा लागेनासा होतो आणि घरात पेढे वाटायचं तेवढं बाकी राहतं. तोही बहुधा मोतीबिंदूच असतो.

रंगांचा घोळ माझ्या लक्षातच आला नव्हता. दिवाळीआधी बैठकीच्या खोलीला रंग दिला. मी पांढरा सांगितला होता. काम झाल्यावर बघते तर भिंती सायीसारख्या पिवळट. रंगाऱ्याशी वाद घातला आणि त्याचे पाचशे रुपये कापले. त्याचं पुढे सांगते.

तपासणीत डोळ्याचा दाब मोजतात आणि बाहुली मोठी करून आतला पडदाही बघतात. हे करून घ्याच. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं, ते बदलता येतं. काचबिंदूत नस खराब होते आणि गेलेली नजर परत येत नाही. दोन्ही एकाच माणसाला असू शकतात. आणि त्या दिवशी स्वतः गाडी चालवत जाऊ नका. मी ॲक्टिव्हा घेऊन गेले होते. बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर उन्हात डोळाच उघडेना. गाडी दवाखान्याखाली ठेवून रिक्षाने घरी आले.

"पिकू द्या, मग काढा" हे आमच्या सासूबाईंच्या वेळचं. तेव्हा मोठा छेद घेऊन अख्खं भिंग काढत, टाके पडत, म्हणून शक्य तितकं थांबत. आता ध्वनिलहरींनी भिंगाचा चुरा करून दोन-अडीच मिलिमीटरच्या छेदातून तो ओढून घेतात. त्यालाच फेको म्हणतात. भिंग जितकं कडक, तितकं ते काम अवघड. रोजच्या कामात अडायला लागलं की करायचं, इतकं साधं आहे. मोतीबिंदू विरघळवणारे थेंब, मध, गुलाबपाणी यांत वेळ घालवू नका. असं विरघळत नाही ते.

२. कुठे करायचं

पुण्यात पेठापेठांत डोळ्यांचे दवाखाने आहेत, त्यामुळे जागा मिळत नाही असं होत नाही. खर्चाची अडचण असेल, तर ससून हे सरकारी रुग्णालय आहे. हडपसरजवळ महंमदवाडीला एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय आहे. अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि त्यात मोतीबिंदूच्या मोफत शस्त्रक्रिया होतात. शिवाय राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. रेशनकार्ड किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवा विभागात विचारा. हे विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही. आमच्या कामवाल्या मावशींचं तसंच झालं आणि त्यांची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे.

निवडताना मी एवढंच विचारलं: ऑपरेशन नक्की कोण करणार, दुसऱ्या दिवशी कोण तपासणार, आणि रात्री दुखलं तर फोन कुणाला करायचा. तिसऱ्या प्रश्नाला जिथे नीट उत्तर मिळालं नाही, तिथून उठले. घरापासूनचं अंतरही बघा. एका डोळ्यासाठी निदान चार-पाच फेऱ्या होतात.

३. लेन्स: इथे घाई करू नका

सगळ्यात जास्त डोकं इथे लावा. मी नाही लावलं.

आधी मोजमाप होतं. यंत्रावर हनुवटी टेकवायची आणि आतल्या ठिपक्याकडे बघायचं. यंत्र डोळ्याची लांबी आणि पुढच्या पारदर्शक पडद्याचा बाक मोजतं. डोळा साधारण २३-२४ मिलिमीटर लांब असतो, मायनस नंबरवाल्यांचा त्याहून लांब. या आकड्यांवरून आत बसवायच्या लेन्सचा नंबर काढतात. लांबी मोजताना एका मिलिमीटरची चूक झाली, तर चष्म्याच्या नंबरात अडीच-तीनचा फरक पडतो. म्हणून डोळा हलला असं वाटलं, तर "परत घ्या" म्हणा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल, तर मोजमापाआधी किती दिवस बंद ठेवायच्या तेही विचारून घ्या.

मग तुम्हाला समुपदेशकाच्या टेबलापाशी बसवतात आणि साडीच्या दुकानात पदर उलगडून दाखवावेत तसे लेन्सचे प्रकार उलगडतात. साधी, भारी, त्याहून भारी, परदेशी. किमतीकडे बघून "मधलं द्या" म्हणायचा मोह होतो. प्रकार थोडक्यात असे:

मोनोफोकल: एकाच अंतरावरचं स्पष्ट दिसतं, बाकीच्यासाठी चष्मा. बहुतेकांना हीच बसवतात आणि हिच्यात कमीपणा काही नाही.

टोरिक: सिलिंडरचा, म्हणजे डोळ्याचा बाक सगळीकडे सारखा नसल्यामुळे येणारा, नंबर असेल तर तोही काढते.

मल्टिफोकल: लांबचं आणि जवळचं दोन्ही बरंचसं चष्म्याविना. पण रात्री दिव्यांभोवती कडी दिसू शकतात. रात्री गाडी चालवणाऱ्यांनी किंवा पडद्याचा, काचबिंदूचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांशी खोलात बोलल्याशिवाय हो म्हणू नये.

मी मोनोफोकल घेतली. तिथपर्यंत ठीक. पण डॉक्टरांनी विचारलं, "लांबचं चष्म्याविना दिसेल अशी बसवू ना?" मी म्हटलं, "हो, अर्थात." आता माझा नंबर आयुष्यभर मायनस. लांबचं बघायला चष्मा आणि जवळचं बघायला चष्मा कपाळावर, हा चाळीस वर्षांचा शिरस्ता. सुईत दोरा ओवणं, तांदळातले खडे निवडणं, झोपून पुस्तक वाचणं, सगळं उघड्या डोळ्यांनी. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी सवयीने चष्मा वर ढकलला आणि थेंबांची बाटली उजव्या डोळ्याजवळ नेली. अक्षरांच्या जागी मुंग्यांची रांग. लांबवर सोसायटीच्या गेटावरची "येथे गाड्या लावू नयेत" ही पाटी मात्र खणखणीत. लेन्सने सांगितलेलं काम चोख केलं होतं, सांगण्यात चूक माझी होती.

तेव्हा मायनसवाल्यांनो, टेबलापाशी बसण्याआधी घरी एक दिवस नीट लक्ष देऊन बघा. दिवसभरात तुम्ही किती अंतरावर काम करता? गाडी चालवता की शिवण करता? मोबाइल, भाजीचा काटा, टीव्ही, पोथी? मग डॉक्टरांना त्या कामांची नावं सांगा. लेन्सची नावं ते बघतील. मोनोफोकल जवळच्या अंतरासाठीही बसवता येते, मग लांबचं बघायला चष्मा. हा पर्याय आपण विचारल्याशिवाय फारसा पुढे येत नाही.

जाता जाता: डोळ्यात लेन्स बसवायची पहिली शस्त्रक्रिया हॅरॉल्ड रिडली यांनी लंडनमध्ये १९४९ साली केली. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या काचेचे, म्हणजे पर्स्पेक्सचे तुकडे घुसत आणि डोळा ते निमूट सहन करी, हे त्यांनी पाहिलं होतं. मला हे आमच्या भाच्याने सांगितलं, आणि डोळ्यात प्लास्टिक घालायची माझी भीती निम्मी गेली.

४. मेडिक्लेम आणि कागद

पॉलिसीत दोन ठिकाणं वाचा. एक, मोतीबिंदूसाठीचा थांबण्याचा काळ. बहुतेक पॉलिसींत पहिली दोन वर्षं मोतीबिंदू बसत नाही. दोन, एका डोळ्याला किती रकमेची मर्यादा आहे. विमा पाच लाखांचा असला, तरी मोतीबिंदूला वेगळी, बरीच कमी मर्यादा असू शकते, आणि भारी लेन्सचा वरचा खर्च आपल्या खिशातून जातो. दवाखान्याकडून लेखी अंदाजपत्रक घ्या आणि कॅशलेसची मंजुरी आल्यावरच तारीख पक्की करा. दोन डोळ्यांचे दोन वेगळे दावे होतात.

बरोबर ठेवायचं:
- आधार कार्ड, पॅन कार्ड, पॉलिसीची प्रत किंवा कार्ड
- डोळे तपासल्याचे सगळे कागद आणि चष्म्याचे जुने नंबर
- चालू गोळ्यांची यादी, किंवा सरळ पाकिटांचे फोटो
- रक्ताचे रिपोर्ट, ईसीजी, फिजिशियनचं फिटनेस
- नंतर पैसे परत घ्यायचे असतील, तर रद्द केलेला चेक
- घरी येताना: डिस्चार्ज कार्ड, बिलं, आणि लेन्सचं स्टिकर

या स्टिकरवर लेन्सचा नंबर, कंपनी आणि क्रमांक असतो. दाव्याला तो लागतो, आणि पुढे कधी डोळ्याचं काही निघालं तर डॉक्टरही मागतात. त्याचा फोटो काढून ठेवा. थेंबांची बिलंही फेकू नका. साधारणपणे आधीच्या ३० आणि नंतरच्या ६० दिवसांचा औषधखर्च पॉलिसीत धरतात.

५. तपासण्या, आणि सांगायला विसरू नये असं काही

साखर, रक्तदाब, ईसीजी, रक्ताच्या नेहमीच्या तपासण्या. अश्रूंची नळी मोकळी आहे का तेही पाणी सोडून बघतात. पाणी घशात उतरलं की बरं समजायचं.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सांगा. आपल्या मनाने बंद करू नका. आणि पुरुषांनो, हे मोठ्याने वाचा: प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिनची गोळी घेत असाल किंवा पूर्वी घेत असाल, तर डोळ्याच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्या गोळीने बाहुलीचा पडदा ढिला पडतो आणि ऐन ऑपरेशनमध्ये बाहुली आकसते. आधी कळलं तर डॉक्टर तयारीत असतात. आमच्या ह्यांची वर्षानुवर्षं तीच गोळी चालू आहे. "लघवीच्या गोळीचा डोळ्याशी काय संबंध?" म्हणून त्यांच्या ऑपरेशनच्या वेळी ते गप्प बसले होते. पाकिटांचे फोटो दाखवले म्हणून निभावलं.

उताणं झोपल्यावर खोकला येतो, दम लागतो, कमी ऐकू येतं, हेही सांगा.

६. तारीख कॅलेंडर बघून घ्या

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी तपासणीला जावंच लागतं. म्हणून अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशीची तारीख घेऊ नका. पेठांतला दवाखाना असेल, तर विसर्जनाच्या दिवशी तिथवर पोचणार कसे? पालख्या पुण्यात असतात ते दोन दिवसही तसेच. दिवाळीतला फटाक्यांचा धूर आणि होळी-रंगपंचमी यांपासूनही दोन-तीन आठवडे दूर राहिलेलं बरं. उन्हाळा-पावसाळ्याचं मात्र मनावर घेऊ नका, कुठल्याही ऋतूत होतं.

७. तो दिवस

आदल्या संध्याकाळी डोक्यावरून अंघोळ करून घ्या, पुढे काही दिवस करता येणार नाही. केसांना तेल नको, काजळ-कुंकू नको. मंगळसूत्र, चमकी घरी. पुढून बटणं असलेला कपडा घाला. डोक्यावरून काढायचा कुर्ता अजिबात नको. खायचं की नाही ते दवाखान्याला विचारा. मला हलका नाश्ता चालला, पण मधुमेह असणाऱ्यांनी सकाळच्या गोळीचं वेगळं विचारावं. बरोबर एक माणूस हवाच. माझ्या जाऊबाई आल्या होत्या.

आत एका ओळीत सात-आठ जण बसलो होतो. प्रत्येकाच्या एका भुवईवर चिकटपट्टीचा तुकडा, कुठला डोळा ते कळावं म्हणून. दर दहा-पंधरा मिनिटांनी थेंब. दर वेळी सिस्टर नाव आणि कुठला डोळा ते विचारतात. तिसऱ्यांदा विचारलं म्हणून शेजारचे काका वैतागले. वैतागू नका, शंभर वेळा विचारू दे. रक्तदाब मोजताना मी घाबरून १७० वर गेले होते. अर्धा तास शांत बसवल्यावर उतरला. नाही उतरला तर पुढची तारीख देतात, म्हणून सकाळची बीपीची गोळी चुकवू नका.

मला नुसत्या थेंबांची भूल दिली. काहींना डोळ्याच्या बाजूला इंजेक्शन देतात. चेहऱ्यावर कापड येतं, नाकाशी ऑक्सिजनची नळी, पापण्यांना चिमटा. डोळा मिटला तर काय, ही काळजी मग उरत नाही. सुरी-बिरी काही दिसत नाही. दिसतो तो झगझगीत दिवा, आणि मग तो दिवा पाण्यात विरघळल्यासारखा होतो. गुलाबी, निळा, परत गुलाबी. कानाशी यंत्राचा गुणगुणाट आणि गार पाणी कानामागे ओघळतं. दुखलं नाही. एकदा दाबल्यासारखं झालं. डॉक्टर म्हणाले, "काकू, आता लेन्स जातेय." घडी घातलेली लेन्स आत जाऊन उलगडते, म्हणून टाका लागत नाही. खोकला-शिंक आली तर आधी तोंडाने सांगायचं, हात वर न्यायचा नाही. एवढी एकच अट.

दोन तासांत घरी. रिक्षावाल्याला गतिरोधकांवर सावकाश घ्यायला सांगा. ऐकतोच असं नाही.

८. थेंब: खरी नोकरी ही

मला तीन बाटल्या दिल्या: जंतुसंसर्गासाठी एक, स्टिरॉइडची एक, सुजेसाठी एक. स्टिरॉइड पहिल्या आठवड्यात दिवसातून सहा वेळा, मग दर आठवड्याला एकेक कमी. म्हणजे दीड महिना. बरं वाटतंय म्हणून मध्येच बंद करू नका, सूज परत येते. आणि सांगितल्यापेक्षा जास्त दिवसही घालू नका, डोळ्याचा दाब वाढू शकतो.

अक्षरं वाचता येत नव्हती, म्हणून मी बाटल्यांना टिकल्या लावल्या: एकीला एक, दुसरीला दोन, तिसरीला तीन. फ्रिजवर तक्ता लावला, मोबाइलला गजर लावले. दुसरा डोळा झाल्यावर तर उजव्याला तीन वेळा आणि डाव्याला सहा वेळा असा हिशेब होता. तक्त्याशिवाय मी नक्की चुकले असते.

घालायची रीत: हात साबणाने धुवा. स्टिरॉइडची दुधट बाटली हलवून घ्या. मान मागे, खालची पापणी बोटाने ओढून खोबणी करा, त्यात एकच थेंब. बाटलीचं टोक पापणीला टेकू देऊ नका. डोळा अलगद मिटून नाकाजवळच्या कोपऱ्यावर मिनिटभर बोट धरा. दुसऱ्या बाटलीआधी पाच मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन नेतो. उघडलेली बाटली महिन्याने टाकून द्या, स्टिरॉइडची दुसरी आणावी लागते. "आमचे हे" पहिल्या दिवशी माझ्या गालालाच औषधपाणी करत होते. तुमच्याकडेही असंच असेल, तर आरशासमोर स्वतः शिका.

९. काय टाळायचं आणि कधी धावायचं

डोळा चोळायचा नाही. झोपताना प्लास्टिकची जाळी लावायची. झोपेत हात जातो. डोळ्यात पाणी नको, म्हणून मानेखालची अंघोळ. केस धुवायचेच असतील, तर पार्लरमध्ये मान मागे टाकून, तेही डॉक्टरांना विचारून. वाकून केर काढणं, पाण्याची बादली उचलणं, मिरचीची फोडणी, हे सगळं एक-दोन आठवडे दुसऱ्यांच्या गळ्यात घाला. अशी संधी परत येत नाही. बाहेर पडताना काळा चष्मा. पुणेरी पद्धतीने स्कार्फ बांधायचा तर डोळ्यावर आवळू नका. टीव्ही, मोबाइल, वाचन मात्र बिनधास्त चालतं.

थोडं खुपणं, पाणी येणं, लाली चालते. पण दुखणं वाढत गेलं, लाली वाढली, नजर एकदम कमी झाली, विजा चमकल्यासारखं झालं, काळे ठिपके अचानक वाढले किंवा पडदा ओढल्यासारखं वाटलं, तर सकाळची वाट बघू नका. त्याच रात्री फोन, आणि फोन लागला नाही तर थेट दवाखाना. मायनस नंबरवाल्यांनी विजा आणि ठिपके यांकडे जास्तच लक्ष ठेवावं.

१०. दुसरा डोळा आणि नवा चष्मा

दोन डोळ्यांमधले तीन आठवडे विचित्र गेले. एक डोळा विनाचष्म्याचा आणि दुसरा मायनस पाच. जुन्या चष्म्यातली उजवी काच काढून टाकली, तरी दोन डोळ्यांना वस्तू लहान-मोठ्या दिसायच्या आणि जिना उतरताना पाय चाचपडायचा. नंबर मोठा असेल, तर दुसऱ्या डोळ्याची तारीख फार लांबवू नका.

पण याच दिवसांत एक गंमत झाली. बैठकीच्या खोलीत बसून आधी उजवा डोळा मिटला: भिंत पिवळट. मग डावा मिटला: भिंत दुधासारखी पांढरी. पुनःपुन्हा करून पाहिलं. गढूळ भिंग पिवळं झालेलं असतं, आणि मी त्याच्यातून जग बघत होते. रंगाऱ्याला फोन केला, पाचशे रुपये घेऊन जा म्हटलं. तो म्हणाला, "काकू, दुसरा डोळा झाला की एकदाच येतो. तेव्हा स्वयंपाकघरही दिसेल तुम्हाला, त्याचंही काम निघेल."

डाव्या डोळ्याच्या वेळी मी शहाणी झाले होते. डॉक्टरांना सांगितलं, शिवण आणि मोबाइल चष्म्याविना हवं. त्यांनी काचा लावून दाखवल्या आणि आम्ही डाव्याला थोडा मायनस, सव्वाच्या आसपास, ठेवायचं ठरवलं. आता एका डोळ्याने लांबचं, एकाने हातभर अंतरावरचं. भाजीवालीची पाटी, फोन, पोळ्या चष्म्याविना जमतात. सुईत दोरा आणि वर्तमानपत्रातले बारीक अक्षरातले कोपरे यांना चष्मा लागतो. हे सगळ्यांना मानवतंच असं नाही, आधी काचा लावून बघितल्याशिवाय ठरवू नका.

नवा चष्मा शेवटच्या ऑपरेशननंतर महिना-दीड महिना थांबून करा. तोवर नंबर स्थिरावत असतो. मध्ये अडलं, तर औषधाच्या दुकानातला तयार वाचनाचा चष्मा पुरतो.

काही महिन्यांनी किंवा वर्षांनी परत धूसर वाटलं, तर "मोतीबिंदू उलटला" म्हणून घाबरू नका. तो परत येत नाही. लेन्स ज्या पातळ पिशवीत बसवलेली असते, तिची मागची बाजू कधीकधी गढूळ होते. याग लेझरने तिला मधोमध खिडकी पाडतात. बसल्या बसल्या काही मिनिटांत होतं, कापाकापी नाही. त्या दिवशीही बाहुली मोठी करतात, तेव्हा ॲक्टिव्हा घरी ठेवा.